खांब रस्त्यात, की रस्ता खांबात?

बँकेत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला मोजण्याची खोड लागते. नोटा मोजायचे दिवस संपले तरी बोटे स्वस्थ बसत नाहीत. जिन्याच्या पायऱ्या मोजून होतात, लोकलचे डबे मोजून होतात, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्याही मोजून होतात. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितले आणि मी विजेचे खांब मोजू लागलो. प्रत्येक खांबावर रंगाने एक क्रमांक लिहिलेला असतो, हे तोवर माझ्या लक्षातच आले नव्हते. खाते क्रमांकासारखाच. फरक इतकाच, की या खात्यात जमा काय आणि नावे काय, हे कोणी विचारत नाही.

आमच्या सौ.ला हा नाद मुळीच पसंत नाही. ‘लोक फिरायला जाऊन फुले आणतात, तुम्ही खांबांचे नंबर आणता,’ असे ती म्हणते. ते खरेच आहे. माझ्या वहीत खांबाचा क्रमांक, तो कुठे उभा आहे, डांबराच्या कडेपासून किती पावलांवर आहे आणि बुंध्याशी गंज आहे की नाही, अशी नोंद असते. शेवटचा रकाना ‘शेरा’. बहुतेक खांबांपुढे तो कोरा आहे. काही खांबांपुढे मात्र मी एकच शब्द लिहिला आहे – ‘रस्त्यात’.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांशी माझे आयुष्य बांधलेले आहे. नोकरीतली उमेदीची वर्षे उल्हासनगरच्या शाखेत गेली, मधली काही अंबरनाथला, आणि परवडणारे घर मिळाले ते बदलापुरात. त्यामुळे कल्याणहून निघून या तीन गावांना ओवत कर्जतकडे जाणारा रस्ता मी बसने, रिक्षाने, स्कूटरने आणि अलीकडे पायी असा चारही प्रकारे पाहिला आहे. या रस्त्याचा स्वभाव समजून घ्यायचा, तर गावे कशी वाढली हे पाहायला हवे.

उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातले लष्करी तळाचे ठिकाण. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे त्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या वसाहतीचे उल्हासनगर झाले. पण आजही इथला माणूस पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हणतो. बराकींच्या जागी दुकाने आली, दुकानांवर मजले चढले, मजल्यांना सज्जे फुटले. अंबरनाथला १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर. पण अर्वाचीन अंबरनाथ वाढले ते आयुध निर्माणी, काडेपेट्यांचा विम्को कारखाना आणि नंतरची औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने. बदलापूर तर कालपरवापर्यंत भातशेतीचे गाव होते. मुंबईत घर न परवडणाऱ्यांनी त्याचे शहर केले.

या सगळ्यात खांब कुठे होते? जिथे असायला हवे तिथेच. रस्त्याच्या कडेला, गटारापलीकडे, चिंचेच्या किंवा शिरीषाच्या रांगेत. खांब हलले नाहीत, वाचकहो. रस्ता हलला. माणसे वाढली, वाहने वाढली, रस्ता रुंद करावा लागला. उल्हासनगरात २०१५च्या सुमारास कल्याण-अंबरनाथ रस्त्याच्या रुंदीकरणासाठी कितीतरी दुकानांचे दर्शनी भाग पाडले गेले. डोळ्यांत पाणी आणून लोकांनी जागा दिली. असे रुंदीकरण होते तेव्हा विटांच्या भिंती एका दिवसात मागे सरकतात. पण कालपर्यंत कडेला असलेला खांब सरकायला कागद लागतो, आणि कागद विटेपेक्षा जड असतो. मग रोलर येतो, खांबाला वळसा घालून डांबर पसरतो, आणि सकाळी लोक पाहतात तर खांब रस्त्याच्या ऐन मध्यात उभा! महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाढत्या गावात हे दृश्य दिसते. आपण त्यावर हसतोही. मीही हसत असे.

हसणे कसे थांबले, ते सांगतो.

गोष्ट २००७ची आहे. आमच्या शाखेत एक शिंपी खातेदार होता. कॅम्प नंबर पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला. महिन्याच्या महिन्याला थोडी शिल्लक टाकणारा, सही करताना जीभ दातांत धरणारा माणूस. त्याचा मुलगा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला. पाळीची नोकरी, रात्री घरी परतायला रिक्षा मिळत नसे, म्हणून मोटारसायकलसाठी कर्ज हवे होते. कर्ज मीच मंजूर केले. पगाराची चिठ्ठी पाहिली, जामीनदार पाहिला, परवाना पाहिला, विमा पाहिला. मुलगा पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याला वडीलकीच्या नात्याने म्हणालो, ‘सावकाश चालव रे.’ तो म्हणाला, ‘हो काका, हेल्मेटही घेतलंय.’

चार महिन्यांनी, पावसाळ्यातल्या एका रात्री, पाळी संपवून येताना तो एका रुंद केलेल्या रस्त्यातल्या खांबावर आदळला. त्या दिवसांत भारनियमन फार होते. रस्त्यावर काळोख, समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर, खाली पाणी. खांबावर ना पट्टा, ना चमकणारी खूण. ज्या खांबावरून अख्ख्या वस्तीला वीज जायची, त्याच्या बुंध्याशी त्या रात्री उजेडाचा थेंब नव्हता. हेल्मेट होते, पण छातीला काय घालणार? इस्पितळात पोचण्याआधीच सारे संपले.

पंधरा-वीस दिवसांनी त्याचे वडील शाखेत आले. मला वाटले, विम्याचे विचारायला आले असतील. त्या काळी दुचाकीच्या मालक-चालकाला १ लाखाचे अपघाती विमासंरक्षण असे; २०१८पासून ते १५ लाखांचे झाले. मी कागद काढू लागलो, तर त्यांनी खिशातून मोजून आणलेल्या नोटा काढल्या. ‘साहेब, या महिन्याचा हप्ता राहिला होता,’ म्हणाले. माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतकी जड रक्कम मी दुसरी घेतलेली नाही.

जाता जाता त्यांनी पोलिसांच्या कागदाची नक्कल माझ्यासमोर ठेवली. ‘वाचून सांगा, मला सगळं कळत नाही.’ मी वाचले. मयताने वाहन भरधाव वेगाने व निष्काळजीपणे चालवून विजेच्या खांबास ठोकर दिली, असा मजकूर होता. ते ऐकत राहिले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, ‘खांब रस्त्यात होता, हे कुठल्या कागदावर लिहितात, साहेब?’

मला उत्तर देता आले नाही. कारण त्या खांबाला वळसा घालून मीही रोज जात होतो. कर्ज देताना मी त्या मुलाची सगळी कागदपत्रे तपासली. तो ज्या रस्त्याने जाणार होता, तो मला माहीत असूनही एक साधे पोस्टकार्ड मी कुणाला टाकले नव्हते. बँकेच्या भाषेत बोलायचे तर जोखीम मला दिसत होती आणि मी ती नोंदवली नव्हती.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. पहिला धक्का बसला तो हा, की नियम नाहीत असे अजिबात नाही. १९३४ साली स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस ही आपल्या देशात रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था. तिने १९६९ सालीच, म्हणजे मी पाटीवर बाराखडी गिरवून नुकता मोकळा झालो होतो तेव्हा, रस्त्यालगतचे खांब आणि तारा यांच्या अंतराचे स्वतंत्र मानक छापले. त्यात दिव्याच्या खांबांसाठी म्हटले आहे, की उंच कडेचे दगड नसलेल्या रस्त्यावर खांब वाहनमार्गाच्या कडेपासून किमान दीड मीटर दूर हवा आणि रस्त्याच्या मध्यरेषेपासून किमान ५ मीटर. कडेला दगड असतील तर त्या दगडापासून किमान ३०० मिलिमीटर, आणि शक्यतो ६०० मिलिमीटर. दीड मीटर म्हणजे जेमतेम पाच फूट. एवढीच जागा मागितली आहे. पण घसरलेली दुचाकी सावरायला कधीकधी एवढीच पुरते.

ही जागा का हवी, ते शाळेतल्या पदार्थविज्ञानाने कळते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. त्या वेगाने स्थिर खांबावर आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणे. वेग ३० असेल, तर तेच पडणे साडेतीन मीटरचे होते. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. समोरून येणारी गाडी निदान ब्रेक लावते, कुत्रे पळते, कुंपण वाकते. खांब यांतले काहीच करत नाही. नियमानुसार त्याचा साधारण सहावा भाग जमिनीत गाडलेला असतो आणि भोवती काँक्रीट असते. न हलणे हेच त्याचे काम आहे. तो आपले काम चोख करतो. चूक ती त्याला तिथे उभे ठेवणाऱ्याची.

दुसरा धोका मान वर केल्याशिवाय दिसत नाही. तारांची जमिनीपासूनची उंची हाही कायद्याचा विषय आहे. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत ती होती आणि पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या सुरक्षा विनियमांतही आली. रस्ता ओलांडणारी घरगुती दाबाची तार सर्वांत खालच्या बिंदूलाही ५.८ मीटर उंच हवी, ११ हजार व्होल्टची ६.१ मीटर. रस्त्याला समांतर जाणाऱ्या तारांसाठी हेच आकडे ५.५ आणि ५.८ मीटर. आता गंमत पाहा. तार ओढली तेव्हा ही उंची बरोबर असते. मग दरवर्षी डांबराचा थर चढतो. कधी जुन्या रस्त्यावरच काँक्रीटचा नवा रस्ता होतो आणि रस्ता फूट-दीड फूट वर येतो. तार होती तिथेच असते, पण खालून जमीन वर आलेली असते! त्यात वैशाखात अल्युमिनियमची तार तापून लांबते आणि तिचा झोळ वाढतो. अशा वेळी मुरबाड-कर्जतकडून पेंढा भरून येणारा ट्रक, मांडवाचे लोखंडी सामान उभे लादलेला टेम्पो किंवा बांबूने तारा उचलत नेली जाणारी गणेशमूर्ती, यांचा आणि मृत्यूचा संबंध वीतभर अंतराचा उरतो.

घराच्या बाबतीतही तेच. ११ हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून इमारतीचे आडवे अंतर किमान १.२ मीटर हवे. आमच्याकडे मात्र सज्जा पुढे येत येत तारेला भेटायला जातो. मग सून कपडे वाळत घालते आणि सासू खिडकीतून ओरडते, ‘तारेला हात लावू नको गं!’ येथे तार इमारतीकडे गेली नाही; इमारत तारेकडे गेली. म्हणजे दोष नेहमी सरकारी कचेरीचाच असतो असे नाही. सज्जा वाढवताना आपण मोजपट्टी खिशात ठेवलेली असते.

मग हे निस्तरायचे कोणी? इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. बँकेत ‘सस्पेन्स’ नावाचे एक खाते असते. ज्या रकमेचा धनी कोण ते ठरत नाही, ती तात्पुरती त्यात ठेवतात. रस्त्यातला खांब हे असेच सस्पेन्स खाते आहे. वीज देणारी कंपनी एक. २००५च्या ६ जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाल्यापासून आपल्या भागात वितरणाचे काम महावितरणकडे आहे. रस्ता बांधणारे खाते दुसरे. दिवे लावणारी नगरपालिका किंवा महापालिका तिसरी. आमच्या रस्त्यावर तर कोसाकोसाला हद्द बदलते. खांब हलवायचा, तर रस्ता करणाऱ्याने मागणी करायची, वीज कंपनीने अंदाजपत्रक द्यायचे, पैसे भरायचे, नवा खांब उभारायचा, वीजपुरवठा बंद ठेवून तारा इकडून तिकडे घ्यायच्या आणि मग जुना खांब उपटायचा. यांत अशक्य असे काहीच नाही. फक्त हे सारे डांबर पडण्याआधी व्हायला हवे. रस्त्याच्या अंदाजपत्रकात खांब हलवण्याची रक्कम पहिल्याच दिवशी धरली नाही, किंवा धरूनही ठेकेदाराने पहिला हात डांबराला घातला, की खांब सस्पेन्समध्ये जातो. बँकेत सस्पेन्स खात्यातली जुनी नोंद लेखापरीक्षक खपवून घेत नाही. रस्त्यावर लेखापरीक्षक नाही, एवढाच फरक.

जगात इतरत्र हा प्रश्न नव्हता असे नाही. अमेरिकेतही १९६०पर्यंत अपघात म्हणजे चालकाची चूक, असाच समज होता. मिशिगनमधल्या मिलफर्ड येथील जनरल मोटर्सच्या चाचणी मैदानावर केनेथ स्टोनेक्स या अभियंत्याने रस्त्याकडेचे अडथळे काढून पाहिले. रस्ता सोडून बाहेर गेलेल्या गाड्यांपैकी शंभरात ऐंशी गाड्यांना सावरायला ३० फुटांची मोकळी जागा पुरते, असे दिसले. त्यातून ‘माणूस चुकणारच, चुकीची शिक्षा मरण नसावी’ हा विचार रस्तेबांधणीत शिरला. जिथे दिव्याचे खांब हलवता येत नाहीत, तिथे धक्का बसताच बुंध्याशी सुटून पडणारे खांब आले. विजेच्या तारा वाहणाऱ्या खांबाला ही युक्ती सरसकट लावता येत नाही, कारण खांब पडला तर जिवंत तारा रस्त्यावर येतील. तिथे तीनच मार्ग उरतात: खांब दूर न्यायचा, त्याच्यापुढे आडवा कठडा घालायचा, नाही तर तारा जमिनीखाली न्यायच्या.

जमिनीखालची तार आपल्याला परकी नाही. दक्षिण मुंबईत बेस्टची वीज भूमिगत तारांतूनच घरोघरी जाते. पण खर्च कित्येक पटींनी अधिक, आणि बिघाड झाला तर तो शोधायला रस्ता खणावा लागतो. तेव्हा सगळीकडे उद्याच भूमिगत करा, असे म्हणणे सोपे असले तरी प्रामाणिक नव्हे. अरुंद बाजारपेठेत उघड्या तारांऐवजी आवरण असलेली पिळाची केबल टाकणे हा मधला मार्ग आहे. आणि हे सगळे होईपर्यंत, रस्त्यातल्या प्रत्येक खांबाला काळे-पिवळे पट्टे आणि उजेडात चमकणारी पट्टी लावायला एक माणूस, एक शिडी आणि एक सकाळ पुरते. रंगाने खांब हलत नाही हे खरे. पण निदान दिसतो.

आता त्या शिंप्याच्या प्रश्नाकडे येतो. ‘खांब रस्त्यात होता, हे कुठल्या कागदावर लिहितात?’ आज त्याला थोडेफार उत्तर आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १९८-अ हे कलम आले. ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणे रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार अधिकारी संस्थेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माणसाच्या जिवापुढे १ लाख ते काय! पण कागदावर पहिल्यांदाच रस्ताही आरोपी होऊ शकतो, हे मोठे आहे. विजेमुळे झालेल्या जीवितहानीची खबर विद्युत निरीक्षकाकडे जावी आणि चौकशी व्हावी, अशी तरतूद २००३च्या विद्युत कायद्यात आहे. मात्र कायदा आपणहून चालत येत नाही. पंचनाम्याच्या वेळी घरातल्या कोणीतरी शुद्धीवर राहून सांगावे लागते, की खांब कडेपासून किती आत आहे ते मोजा, त्यावर खूण होती का ते लिहा, दिवा चालू होता का ते लिहा, फोटो घ्या. दुःखात हे सुचत नाही. म्हणून शेजाऱ्याने, मित्राने ते काम करावे.

त्याहून बरे म्हणजे पंचनाम्याची वेळच येऊ न देणे. निवृत्त झाल्यावर मी वहीतल्या ‘रस्त्यात’ शेरा असलेल्या खांबांपैकी एकाचा अर्ज लिहायला घेतला. कादंबरी लिहिणे सोपे, हे मला तेव्हा कळले. अर्जात विशेषणे चालत नाहीत. खांबाचा क्रमांक, जवळची खूण, कडेपासूनचे अंतर, फोटो, तारीख. तीन प्रती: एक विजेच्या कचेरीत, एक रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे, एक पालिकेत. तिन्हींवर पोच घेतली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी पोच घेऊन जाई. पहिले दोन महिने ‘आमच्याकडे येत नाही’ असे ऐकले. तिसऱ्या महिन्यात एका तरुण अभियंत्याने तिन्ही पोच एकत्र पाहिल्या आणि हसून म्हणाला, ‘काका, तुम्ही आम्हाला पळवाटच ठेवली नाही.’ तो स्वतः जागेवर आला, पावसात छत्री धरून त्याने अंतर मोजले. पुढे अकरा महिने गेले. पण खांब हलला.

ज्या दिवशी हलला, त्या दिवशी दुपारभर वीज नव्हती. सोसायटीतल्या चार जणांनी मलाच शिव्या घातल्या. संध्याकाळी मी तिथे गेलो. डांबरात एक चौकोनी खड्डा होता, त्यात ओले सिमेंट भरले होते, आणि कुणा पोराने त्यावर चपलेचा ठसा उमटवला होता. त्यावरून एक मोटारसायकल सरळ निघून गेली. चालवणाऱ्याला काही कळलेही नाही. कळू नये, हेच बरे.

तो खांब त्या मुलाचा खांब नव्हता. त्याचा खांब फार पूर्वीच हलवला गेला. अपघातानंतर अशी कामे लवकर होतात. त्याचे वडील आता गावी असतात. मागच्या दिवाळीत फोन आला होता. मी त्यांना खांब हलल्याचे सांगितले. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बरं केलंत साहेब. अजून किती आहेत?’

माझ्या वहीत अजून दोन आहेत. उद्या महिन्याचा पहिला सोमवार.